समेटाचे चुंबन

“सूनबाई, लडी उलगडायला बसलीस की दार लावून घ्यायचं. रस्त्यावरचं ऐकत बसलं की हात आवळतो आणि धागा तुटतो.”

सासूबाईंनी हे सांगितले तेव्हा मी लुक्कातल्या या घरात नवी होते, आणि घराला दार होते. आता नाही. काळ्या पक्षाने पांढऱ्या पक्षाला शहराबाहेर हाकलले, त्या आठवड्यात नगरसभेची माणसे कुदळी-पहारी घेऊन आली आणि हद्दपारांची घरे पाडत सुटली. आमचे रस्त्याकडचे अर्धे घर गेले. मागची खोली आणि चूल माझ्या हुंड्यात धरलेली, म्हणून तेवढी राहिली. दाराच्या जागी मी घोंगडी टांगली आहे. घोंगडीतून सगळे ऐकू येते.

ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. सकाळचा जप आटोपून मी रेशमाची लडी उलगडायच्या फाळक्यापाशी बसले होते. संध्याकाळच्या घंटेआधी तोंडात काही घालायचे नाही आणि कुणाविषयी तोंडातून वाईट काढायचे नाही, हा माझा रोजचा नेम. पहिला अर्धा सोपा आहे. बाहेर विहिरीपाशी बायका रेशीम उकळत होत्या आणि गात होत्या. गाणे नवे होते.

राखाडी डोळ्यांची बाई माझ्या मेजाशी बसते,
माझ्या ओळीवर बोट ठेवून खळखळून हसते.
तिने खोडले ते खोडले, तिने ठेवले ते राहिले,
परक्या गावी मी माझे घर तिच्या हसण्यात पाहिले.

माझा हात थांबला. चाल ओळखीची नव्हती, पण ‘खोडले ते खोडले’ असा ठेका धरणारा माणूस या जगात एकच आहे. आमचे हे लिहिताना मेजाखाली टाच आपटत. इतकी वर्षे मी त्या टाचेच्या तालावर भाजी चिरली आहे.

घोंगडी बाजूला करून शेजारच्या नुताने डोके आत घातले. तिचे हात साबणाच्या पाण्याने लालभडक झाले होते.

“ऐकलंस का गं, लांदुच्चा? तुझ्या सेर पागानेल्लोचं आहे! कालच पिस्तोइयाहून खेचरवाला घेऊन आला. आज सगळं शहर गातंय.”

“ऐकलं.”

“इकडे बघ जरा. उजेडात ये. तुझे डोळे तर काळे कुळकुळीत! मग ही राखाडी कोण बाई?”

“चुलीपाशी वाकून वाकून राख गेली असेल तिच्या डोळ्यांत,” बाहेरून कुणीतरी ओरडले, आणि विहिरीपाशी हशा पिकला.

“मनावर घेऊ नकोस हो,” नुता म्हणाली. “बायकोवर कधी कुणी गाणं केलंय? बायकोवर केलं तर त्याला गाणं म्हणत नाहीत, गाऱ्हाणं म्हणतात.”

मी हसले. वाईट काही बोलले नाही. नुता गेल्यावर पाहते तर बोटावर रेशमाचा धागा इतका घट्ट गुंडाळला गेला होता, की बोट पांढरे पडले होते.

‘परक्या गावी मी माझे घर.’ त्यांचे घर इथे अर्धे उभे आहे. त्या अर्ध्यात मी राहते.

मला वाचता येत नाही. ते घरी असताना रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचत, आणि मी फाळका फिरवत ऐके. कधी वाटे, हे मला वाचून दाखवतात. कधी वाटे, भिंतीला दाखवतात आणि मी भिंतीला टेकून बसले आहे एवढेच. ‘कसं वाटलं?’ असे त्यांनी कधी विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही. एका ओळीवर बोट ठेवायचे असते, ठेवून हसायचे असते, हे मला कुणी शिकवले होते? आणि त्या पिस्तोइयाच्या बाईला कुणी शिकवले?

आता ह्यांना शहर का सोडावे लागले ते सांगते. माझे माहेर काळ्या पक्षाचे, सासर पांढऱ्या. आमच्या दोन घरांत तीन पिढ्यांचे वैर होते आणि ते मिटवायला माझे लग्न लावले होते. लग्नाने थोडी वर्षे मिटले. मग शहरात पुन्हा पेटले. आमच्या गल्लीतल्या मारामारीत माझा भाऊ लानफ्रांको काळ्यांचा म्होरक्या होता. पांढरे चालून आले तेव्हा तो रंगाऱ्याच्या रांजणात लपला आणि बाहेर निघाला तो कानापर्यंत निळा. ह्यांना अशी गोष्ट मिळाल्यावर ते कसले गप्प बसतात! ‘निळा सरदार’ हे गाणे संध्याकाळपर्यंत केले, आणि दुसऱ्या दिवशी पोरीबाळी ते गात होत्या. लानफ्रांको मान खाली घालून रस्त्याने जाई. काळ्यांचा जय झाला तेव्हा त्याने हद्दपारांच्या यादीत पहिले नाव कुणाचे घातले हे सांगायला नको. घराण्याची बदनामी, म्हणून हद्दपारी.

गेल्या हिवाळ्यात लानफ्रांको तापाने गेला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आमच्याकडे असा रिवाज आहे की ज्याचा अपमान झाला त्याने, किंवा तो गेला असेल तर त्याच्या सर्वांत जवळच्या रक्ताने, चारचौघांत समेट केला तर हद्दपारी उठते. गुन्हेगाराला वेशीतून हाताला धरून आणायचे, सान मार्तिनोच्या मोठ्या देवळाच्या दाराशी त्याच्या तोंडाचे चुंबन घ्यायचे आणि तिथल्या पवित्र मुखाची, म्हणजे ख्रिस्ताच्या लाकडी मूर्तीची, शपथ घेऊन म्हणायचे, ‘माझ्या मनात जो आकस होता तो मी टाकला, पुन्हा उचलणार नाही.’ गुड फ्रायडेला असे समेट पुष्कळ होतात.

लानफ्रांकोचे सर्वांत जवळचे रक्त म्हणजे मी.

“नवऱ्याचा मुका घ्यायला कायदा लागतो, असं लुक्कातच होतं,” असे नुता म्हणत असे. पण मी समेट करत नाही हे दिसल्यावर तिनेही थट्टा सोडली. लोकांना वाटले, भावासाठी. देवळात बायका मला पुढे जागा करून देऊ लागल्या. काळ्यांच्या कप्तानाच्या घरून उपासाला सुकी मासळी आली. ‘बहीण असावी तर अशी,’ असे मागून ऐकू येई. लानफ्रांकोवर माझा जीव होता, पण खरे सांगायचे तर निळा रंग घासून काढायला त्याने साबण नेला होता तो माझ्याच घरचा, आणि तो घासत असताना मी तोंडात पदर कोंबून उभी होते. ह्यांच्या त्या गाण्याचा आकस माझ्या मनात नव्हताच. दुसऱ्या गाण्याचा होता. तो तर मी रोज उराशी धरून निजत होते. तो टाकला असे पवित्र मुखासमोर कशी म्हणू? सान मार्तिनोतली ती लाकडी मूर्ती डोळे मिटत नाही. मला वाचता येत नाही, पण त्या डोळ्यांना येते.

फ्रा बोनाकोर्सो ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारी आले. म्हातारे, भेगाळल्या पायांचे साधू. माझा कबुलीजबाब तेच ऐकतात. पण हे मी त्यांनाही सांगितले नव्हते. कबुलीजबाबात माणूस पाप सांगतो. मला ते अजून पाप वाटत नव्हते, माझे वाटत होते.

“पोरी, ईस्टर झाला की फौज पिस्तोइयावर निघणार,” ते म्हणाले. “आपली आणि फ्लॉरेन्सची, दोन्ही. वेढा पडल्यावर मग कुणाला आत-बाहेर करता येणार नाही. हा शुक्रवार शेवटचा.”

“मला ठाऊक आहे, फ्रा.”

“भावाचं दुःख मोठं असतं. पण भाऊ मातीत आहे, नवरा जिवंत आहे.”

“मला जमत नाही.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू खोटी शपथ घेणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून मी जबरदस्ती करत नाही. प्रार्थना करतो.” दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. “तुझ्यासारखी बहीण मी पाहिली नाही.”

ते गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले. सगळे चुकत होते आणि मला मान देत होते.

बुधवारी दुपारी घोंगडीबाहेर कुणीतरी काठी आपटली.

“सेर पागानेल्लोंचं घर हेच ना? म्हणजे जे उरलंय ते?”

आत आली ती यात्रेकरूच्या वेषातली बाई. खांद्यावर पिशवी, टोपीला यात्रेचे बिल्ले. थोराड अंगाची, चाळिशी उलटलेली, पुढचा एक दात पडलेला, अंगाला लवंगेचा वास. डोळे राखाडी. मी बस म्हटले नाही, तरी ती चुलीजवळच्या तिवईवर बसली.

“मी दियामांते. पिस्तोइयाची. नवरा औषधवाला होता. आता दुकान माझं. सेर पागानेल्लो माझ्या माडीवर राहतात. पवित्र मुखाच्या दर्शनाला म्हणून आले, म्हणून वेशीवर सोडलं.”

“दर्शन झालं?”

“झालं. काय ते डोळे, बाई! माझा नवरा गेला तेव्हा त्याचे असेच उघडे राहिले होते. मी मिटवायला गेले तर वाटलं, आता म्हणेल, दुकान कुणी उघडं टाकलं?” ती हसली. खळखळून, सगळे अंग हलवत. गाण्यातल्यासारखीच.

तिचा पडलेला दात पाहून मी सुखावले होते. त्या हसण्यापुढे दात दिसेचना.

“कशाला आलात?” मी विचारले.

ती हसायची थांबली. “वेढा पडला की धान्य पुरावं म्हणून आधी परक्यांना भिंतीबाहेर काढतात. आणि तुमची फौज बाहेर आलेल्यांचं काय करते, ते तुम्हाला मी सांगायला नको.”

नको होते. नाक कापतात आणि परत भिंतीकडे हाकलतात. आमच्या गल्लीतले जवान ते अभिमानाने सांगतात.

“त्यांनी पाठवलं तुम्हाला?”

“ते कशाला पाठवतील? ते तर म्हणतात, लांदुच्चाला घाई करायची नाही. सख्ख्या भावाचं आहे, तिला वेळ लागेल. आणि तिला खोटं बोलायला लावलं तर तिचा नेम मोडेल.”

म्हणजे ह्यांचाही तोच समज! साऱ्या शहराने चूक केली ते समजू शकते. पण ज्याने ते गाणे केले त्यालाही कळू नये की मी ते ऐकले असेल?

“तुमच्यात आणि त्यांच्यात काय आहे?” मी हळूच विचारले. माझा आवाज मोठा होत नाही, सवय नाही.

तिने डोळे चुकवले नाहीत. “एक मेज आहे. मला विचाराल तर मला आणखी हवं होतं. नाताळात मी त्यांच्या हातावर हात ठेवला होता. त्यांनी काढून घेतला नाही. नुसती टाच आपटत राहिले आणि म्हणाले, ‘दियामांते, या ओळीत एक शब्द जास्त झालाय.’ आता त्यावरून काय समजायचं ते समजा.”

मला हसू आले. ते मी गिळले. ते तसेच आहेत, अगदी तसेच. आणि ते तसे आहेत हे मला सोडून आणखी कुणाला ठाऊक असावे, हेच तर खुपत होते.

“तुम्ही त्यांच्या ओळी खोडता?”

“वाईट असल्या तर. नवऱ्याच्या दुकानात चिठ्ठ्या वाचून वाचून मला अक्षरांची सवय. कधी भांडतो आम्ही. मग ते म्हणतात, ‘लांदुच्चा तुझ्यासारखी बडबड करत नसे. ओळ वाईट असली की तिचा फाळका थांबायचा. चांगली असली की फिरत राहायचा. मी कान तिकडे ठेवून लिहायचो.’”

मी तिवईच्या पायाकडे पाहत राहिले. वाटले होते की त्यांच्यात काही नाही असे कळले तर उरातला निखारा विझेल. तो भडकला. म्हणजे मी ओळी खोडत होते, इतकी वर्षे! आणि हे मला नाही सांगितले, हिला सांगितले. माझीच गोष्ट हिच्या मेजावर जाऊन मोठी झाली. माझे गप्प राहणेसुद्धा हिच्याकडे होते आणि माझ्याकडे नव्हते.

“मोन्ना लांदुच्चा,” ती म्हणाली, “भावाचा राग एवढा आहे का?”

“भावाचा नाही.”

“मग?”

“तुमचा आहे.”

बाहेर नुता कुणाला तरी सांगत होती की कढईत पाणी कमी आहे.

“म्हणजे मी हसले म्हणून ते मरायचे?” ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा माझ्याइतका हळू झाला. “मी आत्ता जाऊन सांगते त्यांना, माडी खाली करा. दुसरीकडे राहा. मग तुमचा राग जाईल?”

“जाणार नाही. ते दुसरीकडे गेले तरी तुम्ही तिथे बसला होतात हे राहतंच.”

“मग मी काय करू? डोळे काढून देऊ?”

माझ्या लग्नाच्या दिवसाची आठवण येत होती. मंडपात माझ्या वडिलांनी सासऱ्यांच्या तोंडाचे चुंबन घेतले तेव्हा मी अगदी जवळ उभी होते. वडिलांचे हात मुठी वळलेले होते. राग कुठे गेला नव्हता. पण त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी सासऱ्यांविरुद्ध शब्द काढला नाही. तोंडावर आला की पाणी पीत. इतकी वर्षे मी ते खोटे समजत होते.

“समेट करा माझ्याशी,” मी म्हणाले.

“काय?”

“आपलं भांडण आहे. मिटवायचं तर रिवाजाप्रमाणे मिटवू. मग मी तो आकस टाकला असं म्हणू शकेन.”

“पण तुमच्या मनातून गेलाय का तो?”

“नाही गेला. टाकायचा म्हणजे जाईपर्यंत थांबायचं नव्हे. हातातून खाली ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा नाही. उचलला तर शपथ मोडली.” माझेच बोलणे मला नवे होते. “साक्षीदार लागेल.”

मी घोंगडी सारून नुताला हाक मारली. ती फेसाचे हात झटकत आली.

“नुता, आमचा समेट आहे. तू साक्ष दे.”

“समेट? या बाईशी? कुठल्या हो तुम्ही? आणि भांडण कधी झालं?”

“ते आमचं आमच्यात.”

“अगं, मग साक्ष कशाची देऊ? कपाळाची?”

“मिटवलं याची दे.”

नुताने दियामांतेकडे नीट पाहिले. मग आणखी नीट पाहिले. तिचा जबडा खाली आला. “राखाडी!” ती पुटपुटली.

मी उठले. दियामांते माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. ती खाली वाकली. मी तिच्या तोंडाचे चुंबन घेतले. ओठ फुटलेले होते, वाटेवरच्या वाऱ्याने. लवंग आणि घाम. मी म्हणाले, “माझ्या मनात जो आकस होता तो मी टाकला, पुन्हा उचलणार नाही.” तीही तेच म्हणाली. मला प्रश्न पडला, हिने कसला टाकला? मग तिचे डोळे पाण्याने भरलेले पाहिले आणि समजले की मेजावर कुणाच्या फाळक्याची गोष्ट ऐकत बसणे हिलाही सोपे गेले नसेल.

“साक्ष दिली,” नुता घाईघाईने म्हणाली. “देवाशप्पथ, मी कुणाला सांगणार नाही.”

“संध्याकाळपर्यंत?” दियामांतेने विचारले. नुता जीभ चावून निघून गेली.

जाताना दियामांतेने काठी उचलली आणि थांबली. “शुक्रवारी पहाटेला ते पूर्वेकडच्या सान जर्वाझिओच्या वेशीबाहेर असतील. मी आणते त्यांना. तुम्ही याल ना?”

“फ्रा बोनाकोर्सोंना सांगून ठेवते. येईन.”

“आणि आणखी एक कबूल करा. त्यांनी वाचलं की गप्प बसू नका. वाईट असेल तर वाईट म्हणा तोंडाने. नाहीतर बिघडतील ते, माझी सगळी मेहनत वाया जाईल.”

माझी मेहनत! तोंडावर काहीतरी आले होते. मी कोपऱ्यातल्या घागरीतले पाणी घेतले आणि घोटभर प्यायले. उपास मोडला नाही, पाणी चालते.

“कबूल,” मी म्हणाले.

फ्रा बोनाकोर्सोंना निरोप दिला तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “भावाच्या आत्म्याला शांती मिळाली.” मी त्यांना खरे काय ते सांगितले, त्याच संध्याकाळी, कबुलीजबाबात. त्यांनी मान खाली घातली आणि, मला वाटते, हसले.

गुड फ्रायडेला घंटा वाजत नाहीत. देवळातून लाकडी टाळ्यांचा खडखडाट ऐकू आला तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. मी जप पुरा केला. घर सारवले होते, ह्यांची तिवई पुसून ठेवली होती. काळी शाल डोक्यावरून घेतली. मनात येत होते, तीही वेशीपर्यंत आली असेल. दोघे वाटभर बोलत आले असतील. ह्यांनी काहीतरी म्हटले असेल आणि ती हसली असेल. हे मनात येत होते, आणि मी येऊ देत होते. पण हात लावत नव्हते.

नुता अजून उठली नव्हती. तिची झोप मोडू नये म्हणून मी पायातले लाकडी जोडे काढून हातात घेतले आणि थंड फरशीवरून पूर्वेच्या वेशीकडे चालू लागले.